थाई बेसिल चिकन घरी करायचंय, कांदा घालायचा का आणि बेसिल नक्की कुठलं?

उपाशी_बोका

मंडळी नमस्कार, ते थाई बेसिल चिकन म्हणजे पाड क्रापाव घरी करून बघायचंय. तिखटजाळ पाहिजे आणि कामावरून आल्यावर अर्ध्या तासात ताटात पडलं पाहिजे एवढ्या दोनच अटी. रेसिप्या ढीगभर वाचल्या, व्हिडिओ पण पाहिले आणि आता आधीपेक्षा जास्त गोंधळलोय कारण एक जण म्हणतो कांदा शिमला मिरची बेबीकॉर्न सगळं घाला, दुसरा म्हणतो चिकन लसूण मिरची आणि पानं याशिवाय काही घातलंत तर ते क्रापावच नाही. कोणी खिमा घेतो, कोणी बोटभर तुकडे. सॉस तर चार चार, ऑयस्टर, फिश, लाईट सोया, डार्क सोया, हे सगळे खरंच लागतात का एखाद्याला सुट्टी देता येईल?

आणि मुख्य म्हणजे बेसिल. कुठे होली बेसिल लिहिलंय, कुठे थाई बेसिल, कुठे नुसतंच बेसिल. हे एकच आहे का वेगवेगळं?

माझ्याकडे वोक नाहीये, साधा नॉनस्टिक पॅन आणि इंडक्शन शेगडी आहे. त्यावर जमेल ना? खाणारी माणसं चार. जाणकारांनी प्लीज सांगा.

---

कढईवाला

जमेल की, न जमायला काय झालं. सॉसचं गणित नंतर, आधी आच नीट समजून घ्या म्हणजे निम्मं काम झालं.

घरच्या क्रापावचं हमखास काय होतं तर पॅनमध्ये एकदम सगळं चिकन ओततात, पॅन गार पडतो, चिकनला पाणी सुटतं आणि मग ते त्या पाण्यात उकडत बसतं. पॅनमध्ये पाणी आहे तोवर तापमान 100 डिग्रीच्या फार वर जात नाही आणि मांसाला तो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो साधारण 140 च्या पुढे गेल्यावर, त्यामुळे पाणी साठलं की संपलं, वरून कितीही सॉस घाला चव पांचटच लागणार. म्हणून दोन जणांचं एका वेळी करा आणि चौघांसाठी दोनदा करा. चौघांचं एकदम करायच्या भानगडीत पडूच नका, एक घाणा पाच सात मिनिटांत होतो, फार काही वेळ जात नाही.

दोघांसाठी माझं प्रमाण देतो. चिकन 300 ग्रॅम, शक्यतो मांडीचं बोनलेस, ब्रेस्ट पण चालतं पण ते जरा जास्त शिजलं की कोरडं होतं. लसूण 6-7 पाकळ्या, छोट्या मिरच्या 5 ते 8 आपापल्या झेपेनुसार, तेल 2 टेबलस्पून, ऑयस्टर सॉस 1 टेबलस्पून, फिश सॉस 2 टीस्पून, लाईट सोया 1 टीस्पून, डार्क सोया अर्धा टीस्पून, साखर 1 टीस्पून आणि पानं दोन मुठी भरून. मीठ अजिबात घालू नका, सॉसमध्येच भरपूर असतं.

लसूण आणि मिरच्या खलबत्त्यात जाडसर कुटायच्या. मिक्सरमध्ये पेस्ट करू नका, पेस्ट तळाला चिकटते आणि जळते, शिवाय कुटल्यावर येणारे ते छोटे मोठे तुकडे खाताना मजा आणतात. सगळे सॉस आणि साखर आधीच एका वाटीत कालवून ठेवा कारण एकदा सुरुवात झाली की बाटल्यांची झाकणं उघडत बसायला वेळ नसतो.

लोखंडी किंवा कार्बन स्टीलची कढई असेल तर ती चांगली कडक तापवायची, तेल, मग कुटलेली लसूण मिरची, वीस पंचवीस सेकंदात वास सुटला की लगेच चिकन. पण तुमच्याकडे नॉनस्टिक आहे तर क्रम थोडा उलटा करा. नॉनस्टिक रिकामा कधीच कडक तापवायचा नाही, साधारण 260 डिग्रीच्या वर त्याचं कोटिंग खराब व्हायला लागतं आणि धूर पण चांगला नसतो. तेल घालूनच तापवा, आधी चिकन पसरून टाका आणि मिनिटभर हात लावू नका, एका बाजूने रंग येऊ द्या, मग हलवा. चिकन बहुतेक शिजलं की बाजूला सरकवून मधल्या जागेत थोडं तेल टाकून त्यात लसूण मिरची परता आणि मग सगळं एकत्र. अशाने लसूण जळत नाही.

मग वाटीतला सॉस, कोरडं वाटलं तर दोन चमचे पाणी, अर्धा मिनिट परतलं की शेगडी बंद. बंद केल्यावरच पानं घालायची, दोन तीनदा वरखाली करायचं, बास. पानं मरगळली की झालं. पानं आधी घालून शिजवलीत तर वास सगळा स्वयंपाकघरात आणि ताटात नुसता काळा पाला.

---

पानवेल

बेसिलचं मी सांगते कारण सगळा घोळ तिथेच आहे.

थायलंडमध्ये स्वयंपाकात तीन वेगवेगळ्या पानांना आपण बाहेरचे लोक सरसकट बेसिल म्हणतो. क्रापाव, होरापा आणि मेंगलाक. या डिशमध्ये जातं ते क्रापाव, इंग्रजीत ज्याला होली बेसिल म्हणतात, आणि वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने ते आणि तुळस एकाच जातीचे, ऑसिमम टेन्युइफ्लोरम. पानाच्या कडा किंचित दातेरी, देठावर बारीक लव, आणि वास मिरी लवंगेच्या अंगाने जाणारा तिखट. तो लवंगेसारखा वास युजेनॉलमुळे येतो, लवंगेत पण तेच असतं. त्यातही लाल देठाचं आणि हिरव्या देठाचं असे दोन प्रकार, लाल जास्त उग्र.

होरापा म्हणजे ज्याला बाजारात थाई बेसिल नाहीतर थाई स्वीट बेसिल म्हणतात ते. पान गुळगुळीत, टोकदार, देठ जांभळट, वास बडीशेपेच्या जवळचा. हे ग्रीन करीत घालतात. थायलंडच्या बाहेरच्या बऱ्याच रेस्टॉरंटमध्ये बेसिल चिकन म्हणून जे मिळतं त्यात हेच असतं कारण क्रापाव सगळीकडे मिळत नाही आणि तोडल्यावर फार टिकत पण नाही. मेंगलाक लिंबाच्या वासाचं, ते इथे विसरून जा.

म्हणून रेसिपीत नुसतं बेसिल लिहिलंय म्हणजे लिहिणाऱ्याला जे मिळालं ते.

आता तुम्ही काय घ्यायचं तर क्रापाव मिळालं तर प्रश्नच नाही. नाही मिळालं तर होरापा, चव वेगळी येईल पण छान लागतं. इटालियन बेसिल अगदीच नाईलाज म्हणून, ते गोडसर आणि मऊ असतं, मिरचीच्या माऱ्यापुढे त्याचा आवाजच निघत नाही. ते वापरणार असाल तर वरून ताजी कुटलेली मिरी घाला, थोडा तिखटपणा भरून निघतो. आणि घरी तुळस असेल तर ती पण चालेल, फक्त तिच्या वासात झाडागणिक फार फरक असतो, काहींचा वास खूपच औषधी येतो, म्हणून आधी एक पान चुरगाळून हुंगा आणि चावून बघा. कडवट लागलं तर निम्मीच पानं घाला, कोवळीच घ्या, मंजिऱ्या काढून टाका.

वाळवलेलं बेसिल मात्र कृपा करून नको. त्यापेक्षा पानांशिवाय लसूण मिरची चिकन करा आणि त्याला तेच नाव द्या.

---

तिखटजाळ

कढईवाले, बाकी सगळ्याला अनुमोदन पण डार्क सोयाला विनाकारण मानाचं पान दिलंत. तो फक्त रंगासाठी असतो, नसला तर काही अडत नाही. बोक्याने चारपैकी एकाला सुट्टी द्यायची विचारलंय तर यालाच द्या. फिश सॉसला सुट्टी दिलीत तर मात्र ते कुठल्याही सोया सॉसमधलं चिकन होईल. बाटली उघडल्यावर वास भयंकर येतो त्याला घाबरू नका, तो मासे मिठात मुरवून केलेला असतो त्यामुळे असं होणारच, गरम पॅनमध्ये पडला की मिनिटभरात तो वास बसतो आणि मागे नुसती चव राहते.

आणि कांदा? नाही. शिमला मिरची? नाही. बेबीकॉर्न घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

---

गवारीची_शेंग

तिखटजाळ, एवढं पण कडक सोवळं नको हो. खुद्द थायलंडमध्ये रस्त्याकडेच्या कितीतरी ठिकाणी क्रापावमध्ये लांब शेंगा म्हणजे यार्डलाँग बीन्स बारीक कापून घालतात, कांदा आणि बेबीकॉर्न घालणारे पण आहेत, आणि तिथले लोकसुद्धा यावरून एकमेकांशी आपल्यासारखेच भांडतात. बँकॉकला होतो तेव्हा जवळच्या एका साध्या दुकानात जेवायचो, ऑर्डर दिली की समोर करून देणारं, तिथली बाई शेंगा घालायची आणि अप्रतिम लागायचं. तिथे हा पदार्थ म्हणजे काय खावं काही सुचत नसलं की मागवायचा पदार्थ, लोक त्याला तसंच म्हणतात पण. इतक्या रोजच्या खाण्यात शुद्ध अशुद्ध कसलं आलंय.

माझं म्हणणं एवढंच की भाजी घालायची तर पाणी न सुटणारी घाला. शेंगा चालतात कारण त्या कुरकुरीत राहतात. कांदा आणि शिमला मिरची ढीगभर घातली की पाणी सुटतं, गोडवा येतो आणि कढईवाल्यांनी वर जे सांगितलंय त्याच्या बरोब्बर उलटं होतं.

---

तिखटजाळ

शेंगांना विरोध नाही माझा. बाकी मुद्दे कायम.

---

पानवेल

😄

---

उपाशी_बोका

वा, इतकी माहिती अपेक्षितच नव्हती. थँक्यू सगळ्यांना. क्रापाव मिळतंय का बघतो नाहीतर होरापा.

दोन प्रश्न अजून. चौघांपैकी एकीला शिंपल्यांची ॲलर्जी आहे, म्हणजे ऑयस्टर सॉस बादच ना? त्याच्याऐवजी काय? आणि दुसरं म्हणजे खिमा की तुकडे ते कोणी सांगितलंच नाही. मिरच्या पण 5 ते 8 म्हणजे नक्की किती जाळ? आमच्यातला एक जण स्वतःला तिखटखाऊ समजतो पण मला शंका आहे.

---

कढईवाला

ऑयस्टर सॉस बाद म्हणजे पूर्ण बाद, तिच्या ताटापुरता वगैरे नाही. पूर्ण जेवणातच घालू नका, तोच पॅन तोच झारा फिरतो. त्याच्याऐवजी मशरूमपासून केलेला व्हेजिटेरियन ऑयस्टर सॉस मिळतो, दाटपणा आणि चव बरीच तशीच. बाटलीवरचं लेबल मात्र नीट वाचा, नुसतं पुढचं नाव वाचून घेऊ नका. फिश सॉस बहुतेक अँचोवी माशाचा असतो, शिंपल्यांची ॲलर्जी असणाऱ्या सगळ्यांना माशांची असतेच असं नाही पण तुम्ही ठरवू नका, तिलाच सरळ विचारा काय चालतं. आणि कोणाला गव्हाचा त्रास असेल तर सोया सॉसमध्ये गहू असतो, बऱ्याचशा ऑयस्टर सॉसमध्ये पण.

फिश सॉस पण नाही चालला तर लाईट सोया थोडा वाढवा आणि चाखत चाखत घाला.

खिमा की तुकडे याला माझं उत्तर म्हणजे हाताने कापलेला खिमा. मांडीचं चिकन आधी बारीक कापायचं आणि मग सुरीने थोडं कचाकचा तोडायचं, ओबडधोबड राहिलं पाहिजे. तयार खिमा फार बारीक असतो, त्याचे गोळे होतात आणि पाणी पण जास्त सुटतं. वेळ नसेल तर तयार घ्या, काही हरकत नाही, फक्त पॅनमध्ये पडल्या पडल्या उलथन्याने फोडत राहा. मोठे तुकडे नकोत, सॉस नुसता वरवर लागतो आणि शिजायला पण वेळ जातो. चिकन आतपर्यंत शिजलंय ना बघा, थर्मामीटर असेल तर 74 डिग्री, एवढ्या बारीक तुकड्यांना तसाही वेळ लागत नाही.

मॅरिनेट करायची गरज नाही, मैदा कॉर्नफ्लोअर काही लावू नका.

---

तिखटजाळ

मिरचीचा विषय निघाला म्हणून परत आलो.

थाई लोक यात वापरतात त्या छोट्या मिरच्या म्हणजे बर्ड्स आय, त्यांच्याकडचं नाव फ्रिक खी नू. बोटाच्या एका पेराएवढी असते पण जाळ असा की पहिल्या घासाला कळत नाही आणि तिसऱ्या घासाला कान गरम होतात. सवय नसेल तर दोघांच्या प्रमाणात 3 मिरच्या, तिखटखाऊ असाल तर 8, त्याच्या वर गेलात तर जबाबदारी तुमची. जाळ बियांमध्ये असतो असं लोक म्हणतात पण खरा जाळ आतल्या त्या पांढऱ्या शिरेत असतो, बिया तिला चिकटलेल्या असतात म्हणून तिखट लागतात. कमी तिखट पण मिरचीचा स्वाद हवा असेल तर थोड्या मोठ्या लाल मिर्च्या शिरा काढून घ्या आणि त्यांच्यात एखादीच छोटी टाका. रंग पण मस्त येतो.

तुमच्या त्या शंकास्पद तिखटखाऊसाठी एक युक्ती. पॅनमध्ये मिरच्या बेताच्याच ठेवा आणि टेबलावर फ्रिक नाम प्ला करून ठेवा, म्हणजे फिश सॉसमध्ये गोल चकत्या केलेल्या छोट्या मिरच्या, थोडा लसूण, लिंबाचा रस. ज्याला पाहिजे त्याने वरून घ्यावं. थायलंडमध्ये हे टेबलावर असतंच. (तुमच्या मैत्रिणीला फिश सॉस चालत नसेल तर तिच्यापासून लांब ठेवा.)

मिरच्या तेलात पडायच्या आधी खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा. ठसका असा येतो की घरातले सगळे बाहेर. कुटल्यावर हात साबणाने धुवा आणि तरीही तासभर डोळ्यांना बोट लावू नका. आणि कोणाला फार झोंबलंच तर पाणी पाजू नका, तो तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, दूध द्या नाहीतर नुसता भात खायला द्या.

---

रात्रपाळी

अंड्याबद्दल एक अक्षर कोणी काढलं नाही अजून!! वरती तळलेलं अंडं नसेल तर माझ्यासाठी ते अर्धवट जेवण आहे.

हे हाफफ्राय करतो तसं नाही करायचं. छोट्या कढईत किंवा खोलगट पॅनमध्ये बऱ्यापैकी तेल, अर्धा पाऊण सेंटिमीटर तरी, चांगलं तापू द्या, अंडं आधी वाटीत फोडा आणि मग जवळून अलगद सोडा, वरून टाकाल तर तेल हातावर उडेल. पांढरा भाग फुगतो, कडा तपकिरी आणि कुरकुरीत होतात, चमच्याने तेच गरम तेल पांढऱ्यावर उडवत राहा पण बलकावर नको. एका मिनिटाच्या आसपास होतं. बलक वाहता पाहिजे, तो फोडून तिखट चिकन आणि भातात कालवला की जाळ जरा शांत होतो आणि सगळ्याला एक स्निग्धपणा येतो, त्यासाठीच तर ते असतं. अंडी आधी तळून बाजूला ठेवा आणि त्याच तेलातलं दोन चमचे चिकनला वापरा.

भात जास्मिनचा, मोकळा पण किंचित चिकट. भात पूर्ण तयार असल्याशिवाय चिकनला सुरुवात करू नका, या प्रकाराला वाट बघायला आवडत नाही.

---

उपाशी_बोका

अंड्याचं लिहून घेतलं. मैत्रिणीला विचारलं, मासे चालतात, शिंपले नाही. म्हणजे मशरूमवाला सॉस आणि फिश सॉस, डार्क सोयाला सुट्टी.

आता शेवटचं विचारतो. क्रापाव मिळालं तर आज आणून ठेवू का, शनिवारी करायचंय. फ्रीजमध्ये राहील का? आणि उरलं तर दुसऱ्या दिवशी चालतं का?

---

पानवेल

फ्रीजमध्ये नका ठेवू! बेसिलच्या सगळ्या भावंडांना थंडी बाधते, साधारण 10-12 डिग्रीच्या खाली पानांवर काळे डाग पडतात आणि फ्रीज त्याहून बराच गार असतो. देठं थोडी छाटून पेल्यात पाणी घालून त्यात उभी करून ठेवा, ओट्यावरच, उन्हात नको, पाणी रोज बदला. होरापा असं तीन चार दिवस सहज राहतं. क्रापाव जरा नाजूक, ते शक्यतो आदल्या दिवशीच आणा. पानं धुवायची ती करायच्या थोडी आधी आणि धुतल्यावर कपड्यावर पसरून पूर्ण कोरडी करा, ओली पानं म्हणजे परत तेच पाणी पॅनमध्ये.

जास्तीची पानं मिळाली तर थोडी गरम तेलात दहा पंधरा सेकंद तळून काढा, काचेसारखी कुरकुरीत होतात, वरून पेरायला. ती मात्र खडखडीत कोरडीच हवीत नाहीतर तेल भयानक उडतं.

---

गवारीची_शेंग

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, भात पण, भात बाहेर राहिलेला अजिबात चांगला नाही. दुसऱ्या दिवशी नुसतं गरम केलं तर पानं मेलेली असतात म्हणून थोडी ताजी पानं राखून ठेवा. मी तर मुद्दाम जास्त करतो आणि दुसऱ्या दिवशी तो गार मोकळा झालेला भात कडक पॅनमध्ये त्याच चिकनबरोबर परततो, एक मिरची अजून, चमचाभर फिश सॉस, शेवटी ताजी पानं. थायलंडमध्ये असा क्रापाव फ्राईड राईस वेगळा मिळतो पण. भात आतपर्यंत वाफाळता गरम होऊ द्या, घाई करू नका.

आणि हो, त्यात शेंगा घालतो मी.

---

तिखटजाळ

घाला बापडे.